सरांच्या नावाने काय करायचं: बेस्ट प्लेयर ट्रॉफी, स्पर्धा, की वागणुकीचं बक्षीस?

शाळेतले खेळाचे सर गेले की माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आठवडाभर जुने फोटो फिरतात, मग कोणीतरी लिहितं "सरांच्या नावाने काहीतरी करूया" आणि तिथून खरी चर्चा सुरू होते. आमचे खो-खोचे सर गेल्यावर आम्हीही यातून गेलोय, म्हणून जे आत्ता ठरवतायत त्यांच्यासाठी लिहितोय.

पुतळा, कमान, मैदानाला नाव हे मी बाजूला ठेवतो, त्याला परवानग्या लागतात आणि पैसाही. सचिन तेंडुलकरला घडवणाऱ्या आचरेकर सरांचं स्मारक मुंबईत शिवाजी पार्कला झालं ते डिसेंबर २०२४ मध्ये, सर २ जानेवारी २०१९ ला गेले होते, आणि ते तर द्रोणाचार्य आणि पद्मश्री मिळालेले. पण त्यांचं नाव निघालं की लोकांच्या तोंडी काय येतं? स्टंपवर ठेवलेलं एक रुपयाचं नाणं. सचिनला आऊट करेल त्याचं नाणं, आणि कोणीच आऊट करू शकलं नाही तर सचिनचं. अशी १३ नाणी त्याने जपून ठेवलीत. बक्षीस रुपयाचं होतं पण सरांना त्या पोराकडून नेमकं काय पाहिजे ते त्यात होतं. मला वाटतं आपणही ठरवताना हेच बघावं, की आपल्या सरांना पोरांकडून काय पाहिजे होतं.

बेस्ट प्लेयर ट्रॉफी सगळ्यात सोपी. आकडे असतात, किती गडी मारले, बाद न होता किती वेळ पळाला, भांडण होत नाही. पण जो पोरगा दीड-दोन मिनिटं पळतो त्याला तसंही सगळे ओळखतात, जिल्हा संघातही तोच जातो, आणि खो-खोत मोठ्या पातळीवर एकलव्य, राणी लक्ष्मीबाई, जानकी, वीर अभिमन्यू असे पुरस्कार त्या खेळासाठी आहेतच. शाळेतली अजून एक ट्रॉफी त्याच पोराच्या कपाटात गेली तर सरांचं नाव त्यावर फक्त कोरलेलं राहतं.

स्पर्धा भरवणं मनाला फार भावतं, आम्ही पहिलं तेच केलं. दोन वर्षं झकास झालं. पण हिशोब करा, १६ संघ, प्रत्येकी १५ पोरं म्हणजे २४० जणांचं दोन दिवसांचं जेवणखाण, वर पंच, मंडप, मैदानाची तयारी, आणि हे सगळं चार-पाच जणांच्या खांद्यावर, ज्यांच्या नोकऱ्या बाहेरगावी. तिसऱ्या वर्षी एका देणगीदाराने बॅनरवर स्वतःचा फोटो सरांच्या फोटोपेक्षा मोठा लावायला सांगितला आणि आम्ही तिथेच थांबलो. तुमच्याकडे गावातच राहणारी दहा माणसं असतील तर जरूर करा, नसतील तर नको.

मग राहतं वागणुकीचं बक्षीस. माझं मत स्पष्ट यालाच आहे, पण हे नीट केलं नाही तर सगळ्यात वाईट पण हेच होतं, कारण "ज्याला काही मिळालं नाही त्याला हे देऊन टाका" असं व्हायला वेळ लागत नाही, आणि पोरांना ते लगेच कळतं.

आमचे सर सकाळी साडेसहाला पाणी मारून झालं की स्वतः उकिडवे बसून दोरी ताणायचे आणि फक्कीने पाट्या आखायचे, दोरीचं दुसरं टोक त्या दिवशी जो आधी येईल त्याच्या हातात. बोलायचे नाहीत काही. आणि मॅचमध्ये पाठलाग करणाऱ्याचं बोट लागलं असेल आणि पंचांना दिसलं नसेल तर हात वर करून बाहेर यायचं, हा नियम. मी एकदा नाही आलो, आम्ही जिंकलो, सर परत येताना एसटीत माझ्याशेजारी बसले नाहीत. आज त्या मॅचचा स्कोअर आठवत नाही, ती रिकामी सीट आठवते. असल्या माणसाच्या नावाने पळण्याच्या मिनिटांची ट्रॉफी द्यायची हे मला पटत नाही.

असं बक्षीस कसं टिकतं याचं मला पटलेलं उदाहरण अमेरिका-कॅनडाच्या आइस हॉकीतलं. बिल मास्टरटन नावाचा खेळाडू जानेवारी १९६८ मध्ये मॅचमधल्या दुखापतीने गेला, त्याच वर्षीपासून त्याच्या नावाची ट्रॉफी जिद्द, खिलाडूपणा आणि खेळावरची निष्ठा यासाठी देतात. तिथे आधी प्रत्येक टीममधून एक नाव येतं, तेही त्या टीमचं वर्षभर वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांकडून, आणि मग मतदान. म्हणजे रोज बघणाऱ्याने सुचवायचं. हेच शाळेत आणायचं. आम्ही प्रत्येक खेळाडूकडून चिठ्ठीवर दोन नावं घेतो, स्वतःचं सोडून, सोबत नाव का ते एका ओळीत, आणि मैदान सांभाळणाऱ्या मामांचं मत वेगळं धरतो कारण कोण खांब आत आणून ठेवतं हे त्यांनाच माहीत. समितीतल्या कोणाचं पोर त्या वर्षी टीममध्ये असेल तर तो त्या वर्षी बाहेर. आणि देताना नुसतं "आदर्श खेळाडू" म्हणायचं नाही, काय केलं तो प्रसंग वाचायचा.

खर्चाचं म्हणाल तर एक लाख एफडीत टाका, सात टक्के व्याज मिळालं तर वर्षाला सात हजार, त्यात चांगले शूज आणि स्मृतिचिन्ह आरामात बसतं. रोख देऊ नका.

गेल्या वर्षी चिठ्ठ्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा एका राखीव पोरीचं नाव आलं, पूर्ण सीझनमध्ये तिला मोजून दोन मॅच मिळालेल्या. का, तर सहा चिठ्ठ्यांवर जवळपास एकच वाक्य होतं, "ती आधी येते आणि दोरी धरते."