डिफ मायनस वाय: दोन फाइल शेजारीशेजारी बघायच्या तर हेच वापरा

काल हिंजवडीत रात्री साडेनऊपर्यंत अडकलो होतो, टेस्ट सर्व्हरवर सगळं चालतंय आणि लाइव्हवर नाही, दोन्हीकडच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइल वाचून वाचून डोकं उठलं. शेवटी डिफला (दोन फाइलमधला फरक दाखवणारी कमांड) मायनस वाय हा ऑप्शन लावला आणि दोन्ही फाइल शेजारीशेजारी समोर! मधे उभी रेघ आली की ओळ बदललीये, बाण आला तर त्याचं टोक जिकडे तिकडच्याच फाइलमधे ती ओळ आहे. पोर्ट ५४३२ च्या जागी ५४३३, बस एवढंच होतं.

एक गोष्ट मात्र खटकते, डिफॉल्ट रुंदी १३० कॉलम, त्यामुळे लांब ओळी कापल्या जातात आणि फरक शेवटाला असेल तर रेघ दिसते पण फरक दिसतच नाही. म्हणून मायनस कॅपिटल डब्ल्यू देऊन रुंदी २०० करा. सप्रेस कॉमन लाइन्सवाला ऑप्शन तर लावाच, सारख्या ओळी गायब होतात, माझ्या चारशे ओळींच्या तीन उरल्या.

तिथल्या तिथे दुरुस्त पण करायचं असेल तर विमडिफ घ्या (विम एडिटरमधे दोन फाइल शेजारी उघडून फरक दाखवतं), डी ओ दाबलं की समोरच्या फाइलमधला बदल इकडे येतो. डिफ १९७४ पासून युनिक्समधे आहे, फुकट आहे, आणि मला तरी विकतच्या टूलची गरज वाटत नाही.