बर्फावर जायचंय, पण घर लालबागला : इनलाइन स्केट्सचा वापरानंतरचा अनुभव

हिवाळ्यात उघड्या आभाळाखाली बर्फावर स्केटिंग करायची हौस, आणि घर लालबागला. यावर मी काढलेला तोडगा म्हणजे इनलाइन स्केट्स, म्हणजे एका ओळीत चाकं लावलेले बूट. गेल्या उन्हाळ्यात घेतले, पावसाळाभर वापरले आणि जानेवारीत सिमल्याला जाऊन बर्फावर उतरले. आता त्यांच्याबद्दल लिहायला हरकत नाही.

जोडी साधीच. ८० मिलिमीटरची चार-चार चाकं, कडक प्लास्टिकचा बूट, आत मऊ अस्तर, उजव्या टाचेला रबरी ब्रेक. दुकानदार ‘एक नंबर मोठा घ्या मॅडम, जाड मोजे येतात ना’ म्हणतो, त्याचं ऐकू नका. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की मागे सरकला पाहिजे. आत घोटा हलत असेल तर बूट कितीही देखणा असो, परत ठेवा. माझ्या बुटांनी सुरुवातीला घोट्याचं आतलं हाड सोलून काढलं. अस्तर दबल्यावर ती तक्रार मिटली.

मुंबईत खरी अडचण जमिनीची आहे. पेव्हर ब्लॉकवर प्रत्येक सांध्याला दात वाजतात. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पहाटेपासून चालणाऱ्यांची रांग लागलेली, तिथे स्केट्स घालून शिरणं म्हणजे आजी-आजोबांचे बोल ऐकणं. मरीन ड्राइव्हचा पदपथ रुंद आहे, उजाडायच्या आत गेलात तर मस्त. मला सगळ्यात सोयीचं पडलं ते सोसायटीचं पार्किंग, सकाळी गाड्या बाहेर पडल्यावर. सेक्रेटरींनी ‘फरशीवर ओरखडे उठतील’ म्हणून हरकत घेतली. चाकं पॉलियुरेथेनची असतात, ओरखडा उठत नाही, हे तिथेच फिरून दाखवल्यावर ते गप्प झाले. ब्रेकचे काळे पट्टे उमटतात, ते मी सांगायला गेले नाही.

पावसाळ्यात ओल्या जमिनीवर चाकं निसटतात आणि पाणी बेअरिंगमध्ये जातं. गणपतीच्या सुमारास एक चाक करकर करायला लागलं, मग फिरेनाच. सगळी चाकं काढली, प्रत्येकातली दोन याप्रमाणे १६ बेअरिंग पुसून त्यांत शिवणयंत्राचं तेल सोडलं. चार पार गंजली होती. ती ६०८ या ठरलेल्या मापाची असतात, नागदेवी स्ट्रीटला सहज मिळतात. स्केट्सच्या दुकानात जायची गरज नाही. चाकं आतल्या कडेने लवकर झिजतात, म्हणून मधूनमधून उलटीसुलटी करून डावी-उजवीकडे बदलायची.

आता मुद्द्याचं. बर्फावर याचा उपयोग झाला का? तोल, वाकलेले गुडघे, पाय मागे न ढकलता बाजूला ढकलणं, एका पायावर घसरत राहणं हे सगळं चाकांवरच शिकले होते, त्यामुळे पहिल्याच दिवशी कठडा सोडता आला. थांबणं मात्र नव्याने शिकावं लागलं. बर्फाच्या स्केट्सना चाकांऐवजी धातूचं पातं असतं, टाचेचा ब्रेक तिथे नसतोच. बर्फावर पातं आडवं करून खरवडत थांबायचं असतं, आणि चाकं जमिनीला धरून ठेवतात, त्यामुळे ही सवय पार्किंगमध्ये लागत नाही. शिवाय फिगर स्केट्सच्या, म्हणजे गिरक्या-उड्यांसाठीच्या स्केट्सच्या, पात्याच्या टोकाला दाते असतात; चवड्याने ढकलायला गेलात की ते बर्फात रुततात आणि तुम्ही तोंडावर.

जायचं कुठे, तर माझं मत सिमला. तिथली लक्कड बाजाराजवळची रिंक, म्हणजे स्केटिंगचं मैदान, १९२०ची. यंत्राने गोठवलेला बर्फ इथे नाही. संध्याकाळी जमिनीवर पाणी सोडतात आणि रात्रीच्या थंडीत ते आपोआप गोठतं. म्हणून सगळी भिस्त आभाळावर. निरभ्र रात्री जमिनीची उष्णता वर निघून जाते. ढग आले की ती अडते, पाणी नीट गोठत नाही आणि सकाळचं सत्र रद्द होतं. हंगाम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. एकाच सकाळीचा बेत आखून जाऊ नका, दोन-तीन रात्री हाताशी ठेवा आणि हवामान बघून तारखा धरा. बर्फवृष्टीच्या बातम्यांवर मुंबईकर हुरळून तिकीट काढतात, स्केटिंगला नेमकं कोरडं, स्वच्छ आभाळ लागतं. सकाळचा बर्फ टणक असतो, तेव्हाच जा. कालका-सिमला गाडीने जा, १९०३ची ९६ किलोमीटरची ती छोटी लाइन हा वेगळाच आनंद आहे.

लेहला गोठलेल्या तळ्यांवर आइस हॉकी चालते, बर्फही जास्त भरवशाचा. पण ३५०० मीटरवर पोहोचल्या पोहोचल्या स्केट्स चढवायचे नसतात, आधी दोन दिवस मुकाट्याने पडून राहायचं. चार दिवसांची सुट्टी त्याला पुरत नाही. गुरुग्राम, देहरादूनला छताखालच्या रिंक आहेत, माझी हौस ती नव्हती.

बर्फाचे स्केट्स विकत घ्यावेत का, हे मला दोघा-तिघांनी विचारलं. मुंबईत राहून नकोच. रिंकवर भाड्याने मिळतात. घेताना नख पात्याच्या कडेवर आडवं घासून बघा, बारीक भुकटी निघाली तर धार आहे. स्वतःचे घेतलेत तर आपल्या दमट हवेत पातं कपाटात गंजेल. आणि धार लावायला सुरी-कात्रीवाल्याकडे नेलंत, तर दोन कडांमधली बारीक खाच तो घासून सपाट करेल आणि वर पैसेही घेईल.