क्विंटा दो क्रास्तोची जुन्या वेलींची रेड वाईन: नागपुरी उन्हाळ्यात कशी जपाल, कशी प्याल

क्विंटा दो क्रास्तो ही पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली रोकेट कुटुंबाची इस्टेट. त्यांच्या 'रिझर्व्हा' या रेड वाईनची द्राक्षं सुमारे 70 वर्षं जुन्या वेलींची. एकाच मळ्यात 25-30 जाती मिसळलेल्या. पाटीसारख्या थरांच्या खडकात मुळं खोल जातात, घड कमी लागतात, म्हणून रस इतका दाट. गोडवा नाही. ब्लॅकबेरी, मिरी, नंतर टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतल्या द्रव्याचा, तुरटपणा. अप्रतिम वाईन आहे, पण आपल्याकडे ती उन्हानं मरते.

घेताना वरचं आवरण बोटानं चाचपा. बूच बाटलीच्या तोंडाच्या वर आलेलं किंवा मानेवर चिकट ओघळ असला, तर ती बाटली तापलेली असू शकते. चव शिजवलेल्या जॅमसारखी लागेल. घेऊच नका.

'रूम टेंपरेचर'चा सल्ला मे महिन्यात विसरा. तासभर डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद तळाच्या काचेच्या सुरईत, मोकळी होऊ द्या, मग फ्रिजमध्ये ठेवून 16-18 अंशांवर आणा. तळाचा गाळ ओतू नका.

सावजीसोबत मात्र नको! अल्कोहोल 14 टक्क्यांच्या आसपास, त्यानं तिखट आणखी भडकतं. कमी तिखटाचं, निखाऱ्यावर भाजलेलं मटण घ्या. चरबीनं तुरटपणा छान मऊ होतो.