टीडीए ७२९४ या ऑडिओ आयसीचा असेंबल्ड ॲम्प, वर्षभर वापरल्यानंतर: बोर्ड झकास, ट्रान्सफॉर्मरने घात केला

ऐन गणपतीत ट्रान्सफॉर्मर जळला. आरतीच्या आधी पखवाजाचं रेकॉर्डिंग लावलं होतं, अर्ध्या तासात वार्निश जळाल्याचा वास आणि ॲम्प बंद. फ्यूज शाबूत, प्रायमरी (लाइनकडची गुंडाळी) ओपन, म्हणजे आतून तुटलेली. वर्षाची वॉरंटी तोंडी दिलेली होती म्हणून ॲम्प उचलून ज्याने असेंबल करून दिला त्याच्याकडे गेलो तर तो म्हणे, "ट्रान्सफॉर्मर वॉरंटीत येत नाही साहेब, तुमच्याकडे व्होल्टेज जास्त आलं असणार." अहो, आमच्याकडे संध्याकाळी २०० च्या वर जात नाही व्होल्टेज! बराच वाद घातला, शेवटी नवीन ट्रान्सफॉर्मरचे वेगळे पैसे सांगितले तेव्हा जुना परत मागून घेतला आणि निघालो.

सेटअप नेहमीचाच आहे, दोन टीडीए ७२९४ चा स्टीरिओ बोर्ड, २४-०-२४ चा (मधल्या ० टोकाच्या दोन्ही बाजूंना २४ व्होल्ट देणारा) ५ ॲम्पिअर म्हणून विकलेला ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज, आणि दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचे कपॅसिटर. स्पीकर ८ ओहमचे. आयसी चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पहिले काही महिने मी या ॲम्पला पाचपैकी चार दिले असते. गायकाचा आवाज, तानपुरा, बासरी सगळं स्वच्छ. फक्त पखवाजाची धूम किंवा तबल्याचा डग्गा जोरात आला की आवाज बसका व्हायचा, घोगरा म्हणा हवं तर.

घरी येऊन जळका ट्रान्सफॉर्मर सोलला. बाहेर आलेल्या सगळ्या वायरी तांब्याच्या, लालसर, चकचकीत. पिवळी टेप काढली, स्लीव्ह मागे सरकवली तर आत दोन इंचांवर जोड, आणि जोडाच्या पुढे पांढरी तार. चाकूने वरचा मुलामा खरवडला तरी पांढरीच. ॲल्युमिनियम! म्हणजे गिऱ्हाईक शेवटचं टोक बघणार तेवढंच तांब्याचं ठेवायचं. बोर्ड कोणता, आयसी ओरिजिनल की डुप्लिकेट यावर लोक तासन्‌तास बोलतात पण ही तार कोणी बघत नाही याचा मला खरंच राग येतो.

फरक काय पडतो ते सांगतो. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स त्याच जाडीच्या तांब्याच्या जवळपास १.६ पट. त्यामुळे करंट ओढला की व्होल्टेज तारेतच खाल्लं जातं आणि तिथेच उष्णता होते. ट्रान्सफॉर्मर जळायच्या आधी मी मीटर लावून बघितलं होतं, गाणं बंद असताना रेल (म्हणजे बोर्डला मिळणारं डीसी व्होल्टेज) ३४ व्होल्ट (२४ गुणिले १.४१, हिशोब बरोबर), आणि जोराचा पखवाज चालू झाला की २७ पर्यंत खाली. आता एका वाइंडिंगवाल्याकडून त्याच कोअरवर तांब्याचं वाइंडिंग करून घेतलंय. तार वजनावर लावतो, मजुरी वेगळी, आणि एकूण खर्च दुकानदाराच्या नवीन ट्रान्सफॉर्मरपेक्षा थोडासाच जास्त आला. त्याने कोअरच्या पट्ट्या घट्ट ठोकून पुन्हा वार्निश केल्यामुळे जी भुणभुण यायची तीही गेली. आता त्याच गाण्याला रेल ३१ च्या खाली येत नाही. आयसीत साधारण ३ व्होल्ट जातात असं धरलं तर ८ ओहमवर आधी ३६ वॉट मिळत होते, आता ४९. दीड डेसिबलचाही फरक नाही हा, त्यामुळे आवाज मोठा झाला असं कोणी म्हणत असेल तर पटणार नाही, पण धूम आता फाटत नाही, घुमते.

दुसरं कपॅसिटर. पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो तर ‘ऑडिओ ग्रेड’ सोनेरी कपॅसिटर चौपट किमतीला, मी साधे नावाजलेल्या कंपनीचे १०,००० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचे, १०५ डिग्रीवाले घेतले. हिशोब सोपा आहे, आपली लाइन ५० हर्ट्झची, ब्रिजनंतर रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) १०० हर्ट्झचा, म्हणजे करंटला १०० ने आणि कपॅसिटन्सने भागायचं. रेलमधून २.५ ॲम्पिअर जात असतील तर ४७०० वर सुमारे ५ व्होल्टचा रिपल, १०,००० वर अडीच. हळू आवाजात हा रिपल ऐकूच येत नाही, टीडीए ७२९४ सप्लायची घाण ७५ डेसिबलच्या आसपास दाबते. पण सिग्नल रेलला टेकायला लागला की आयसीच्या हातात काही राहत नाही, रिपलचे दातरे सिग्नलच्या माथ्यावर उमटतात, आणि तोच घोगरेपणा. म्हणून कपॅसिटर बदलल्यावर रात्री हळू आवाजात "गोडवा वाढला" म्हणतात ते मला पटत नाही, माझ्याकडे हळू आवाजात काडीचा फरक पडला नाही. जोरात लावल्यावर मात्र पडला. १०५ डिग्रीवाले घ्यायचं कारण आयुष्य, तापमान १० डिग्रीने कमी राहिलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि आमच्या कॅबिनेटमध्ये कपॅसिटर हीटसिंकला चिकटून बसवलेत.

एवढं करून सगळं संपलं असं वाटलं होतं, पण ट्विटरमधून (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरमधून) बारीक बझ्झ यायला लागलं. आधीही असणार, ट्रान्सफॉर्मरच्या भुणभुणीत लपलं होतं. ५० हर्ट्झची हम जाडी असते, हे तसं नव्हतं, करकरीत होतं, म्हणजे ब्रिजचं. बघितलं तर इनपुटचा ग्राउंड ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या ० टोकापासून कपॅसिटरकडे जाणाऱ्या वायरवर जोडलेला! कपॅसिटर चार्ज होताना करंट त्या वायरमधून झटक्याझटक्याने जातो, तिथे जो थोडासा व्होल्टेज पडतो तो सरळ इनपुटला मिळतो. दोन्ही कपॅसिटरच्या मधल्या जोडापासून वेगळा एक पॉइंट काढला, तिथे स्पीकरचा ग्राउंड, बोर्डचा ग्राउंड, इनपुटचा ग्राउंड वेगवेगळ्या वायरींनी आणले. कान ट्विटरला लावला तरी शांत. खर्च एक हात वायर. सगळ्यात जास्त समाधान मला याचंच झालं, सोनेरी कपॅसिटरला पैसे घालणाऱ्यांनी आधी हे बघावं.

संध्याकाळचा प्रश्न मात्र आहे तसाच. लाइन २३० ची २०० झाली की ताकद चौथाईने कमी, तांबं असो की ॲल्युमिनियम. मित्राकडे रेग्युलेटेड एसएमपीएसवर (लाइन कमीजास्त झाली तरी व्होल्टेज तेवढंच देणाऱ्या स्विचिंग सप्लायवर) हाच बोर्ड चालतो, त्याची रेल हलत नाही, आणि एसएमपीएसबद्दल माझं मत त्यामुळे बरंच सुधारलंय. आधी त्याने स्वस्तातला घेतला होता तो जोराच्या ठेक्याला प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद-चालू व्हायचा, नंतर चांगला घेतला. किंमत ऐकून मी सध्या थांबलोय.

तर आता बोर्डला चार, दुकानातून आलेल्या सप्लायला एक. कोणी असा ॲम्प करून घेत असाल तर बिलावर ‘कॉपर वाइंडिंग’ असं लिहून घ्या, लिहायला का-कू केली तर तिथेच सोडा. मीटरने ओहम मोजून कळत नाही, सेकंडरीचा (बोर्डकडच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स इतका कमी असतो की प्रोबचाच तेवढा येतो. दुकानातच जोरात गाणं लावून रेल किती पडते ते बघा, ६-७ व्होल्ट पडली तर घेऊ नका.