अंगठा शिकवणारा वर्ग: फिंगरस्टाइल गिटारच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पातीने, कॉर्ड वाजवून गाण्याला साथ करणे मला बऱ्यापैकी जमत होते. परंतु खर्जाचा ठेका, मधली भर आणि गाण्याची चाल या तिन्ही गोष्टी एकाच गिटारवर एकाच वेळी वाजवणारा माणूस पाहिला की आपल्या हाताला काही येत नाही, असेच वाटे. त्या ओढीने मी फिंगरस्टाइलच्या, म्हणजे पिकऐवजी बोटांनी वाजवण्याच्या, एका ऑनलाइन अभ्यासक्रमाची वर्षभराची वर्गणी भरली. आता आठ महिने झाले असून पाच गाणी बसली आहेत आणि दोन अर्धवट सुटली आहेत.

या अभ्यासक्रमात सर्वांत मोलाचे काय असेल, तर ते अंगठ्यावरचे सुरुवातीचे सहा धडे. मर्ल ट्रॅव्हिस या केंटकीच्या वादकाच्या नावाने ओळखली जाणारी ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ची पद्धत येथे शिकवली जाते, तीत अंगठा जाड तारांवर आळीपाळीने अखंड ठेका धरतो आणि चाल बोटांकडे राहते. शिक्षक पहिल्या धड्यात साधी सी कॉर्ड धरायला लावतात आणि अंगठ्याने पाचवी तार, चौथी तार, पुन्हा पाचवी, पुन्हा चौथी अशा चार मात्रा वाजवायला सांगतात. बोटांना त्या दिवशी सुट्टी असते. दुसऱ्या धड्यात पहिल्या मात्रेवर अंगठ्याच्या जोडीने तर्जनी दुसरी तार छेडते. येथपर्यंत सारे सोपे वाटते. तिसऱ्या धड्यात मात्र तोच स्वर दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेच्या मधोमध, म्हणजे ‘दोन-आणि’ मधल्या ‘आणि’वर येतो, आणि अंगठा तेथे हमखास दगा देतो: एक तर तो तर्जनीसाठी थांबून राहतो, नाही तर तिच्याबरोबर घाईने पडतो. या एका ‘आणि’ने माझे अकरा दिवस घेतले. मेट्रोनोम मिनिटाला ५० ठोक्यांवर लावून, अंगठ्याकडे अजिबात न बघता, तोंडाने मात्रा मोजत बसल्यावर एका संध्याकाळी तो अडखळायचा थांबला, आणि थांबला हेसुद्धा मला दोन-तीन आवर्तने झाल्यावरच कळले. शिक्षकांनी या ठिकाणी घाई केली नाही. तळहाताची कड ब्रिजजवळ (गिटारच्या पोटावर तारा जेथे अडकवलेल्या असतात तेथे) जाड तारांवर हलकेच टेकवून खर्ज किंचित दाबावा, म्हणजे चाल आपोआप वर उठून येते, ही युक्ती त्यांनी येथेच दिली आणि पुढे प्रत्येक गाण्यात ती उपयोगी पडली.

(खर्ज अंगठ्याचाच, असे मात्र शिक्षक जरा जास्तच ठासून सांगतात. अमेरिकन लोकसंगीतातल्या गिटारवादक एलिझाबेथ कॉटन डावखुऱ्या होत्या आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरून वाजवत असत. त्यामुळे त्यांचा खर्ज बोटांवर आणि चाल अंगठ्यावर असे. एवढा अपवाद सांगितला असता, तर नियमामागचे कारण अधिक चांगले समजले असते.)

गाण्यांचे धडे सुरू झाले की ही शिस्त सैल पडते. गाण्याची पूर्ण रचना शिक्षक प्रथम वाजवून दाखवतात, ती ऐकायला सुरेख असते, आणि लगेच दोन-दोन मापांचे (तालाच्या आवर्तनांचे) तुकडे करून बोटे कोठे ठेवायची ते सांगू लागतात. आधी नुसती चाल एकेरी स्वरांत वाजवावी, मग तिच्याखाली एकेक खर्ज बसवावा आणि शेवटी ठेका भरावा, हा क्रम मला माझा मीच शोधावा लागला. ज्या दोन गाण्यांत तो पाळला नाही, तीच दोन अर्धवट राहिली आहेत: बोटांना जागा पाठ आहेत, पण त्यात चाल कोणती, हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही.

याचा काही दोष टॅबकडेही, म्हणजे गिटारसाठीच्या लेखनपद्धतीकडेही, जातो. सहा तारांच्या सहा रेघा आणि त्यांवर पडद्यांचे आकडे, ही लिपी तासाभरात वाचता येते. सर्वांत वरची रेघ सर्वांत बारीक तारेची, ही एक उलटी गोष्ट डोक्यात बसली की झाले. परंतु कोणता स्वर पुढच्या मात्रेपर्यंत घुमत ठेवायचा आणि उजव्या हाताचे कोणते बोट वापरायचे, हे तो आकडा एकटा सांगत नाही. अंगठ्यासाठी पी, तर्जनीसाठी आय, मधल्या बोटासाठी एम आणि अनामिकेसाठी ए, ही स्पॅनिश नावांवरून आलेली चिन्हे सुरुवातीच्या धड्यांत नीट दिली आहेत. गाण्यांच्या टॅबमध्ये ती गायब होतात. तिसऱ्या गाण्याच्या नवव्या मापात अनामिकेऐवजी मधले बोट लावायची सवय मला याच कारणाने लागली, आणि ती मोडायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

चित्रीकरण उत्तम आहे. एक कॅमेरा समोरून आणि दुसरा शिक्षकांच्या खांद्यावरून असल्यामुळे हात उलटा दिसण्याचा घोळ होत नाही. हवे ते माप सतत फिरवत ठेवता येते आणि गती निम्मी केली तरी स्वर उतरत नाहीत.

महिन्यातून एकदा वीस मिनिटांची प्रत्यक्ष भेट असते, तिच्याविषयी नाराजी नोंदवावीच लागेल. पहिल्या दोन भेटींत शिक्षक सारखे म्हणत राहिले, “तुमचे स्वर मध्येच तुटत आहेत.” स्वर माझ्या हातून तुटत नव्हते, व्हिडिओ कॉलमधली गोंगाट दाबण्याची सोय गिटारचा लांबणारा नाद गोंगाट समजून कापत होती. ती बंद करायची असते, हे वर्गाच्या सूचनांत कोठेही लिहिलेले नाही. शिवाय आवाज पोहोचायला विलंब लागत असल्याने दोघांना एकत्र वाजवता येत नाही, ते वेगळेच. त्याऐवजी स्वतःचे वादन चित्रित करून पाठवले, तर चार दिवसांत लेखी उत्तर येते, आणि ती उत्तरे नेमकी असतात.

‘कोणतीही गिटार चालेल’ हे जाहिरातीतले वाक्य फार ताणून घेऊ नये. नटची (मानेच्या टोकाशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीची) रुंदी ४३ मिलिमीटर आहे की साडेचव्वेचाळीस, हा फरक पिकने वाजवणाऱ्याला फारसा जाणवत नाही. पण बोटांनी वाजवताना शेजारची तार चुकून दाबली जाणे त्यावर बरेच अवलंबून असते. माझी जुनी गिटार अरुंद आहे आणि तिच्या तारा पडद्यांपासून उंच होत्या. एका कारागिराकडून त्या खाली आणून घेतल्यावर डाव्या हाताची निम्मी तक्रार मिटली.

बोटांनी वाजवायची सुरुवातच करणाऱ्याने पहिले सहा धडे घेण्यासाठी हा वर्ग जरूर लावावा, आणि शक्य असेल तर वर्षाऐवजी तीन महिन्यांचीच वर्गणी भरावी. माझे चार महिने शिल्लक आहेत. त्यांत ती दोन अर्धवट गाणी नुसत्या चालीपासून पुन्हा बसवायला घेतली आहेत.