काडेपेटीएवढी डबी, दोन वर्षं वापरून

वस्तू: मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणारा), ईएलएम ३२७ जातीचा, वर कुठलंही नाव नसलेला.
गाडी: २००४ सालची पेट्रोल हॅचबॅक. मी तिची तिसरी मालकीण. काटा २ लाख १४ हजार किलोमीटरवर.
गुण: पाचपैकी साडेतीन. अर्धा का कापला आणि पूर्ण एक का कापला, ते पुढे येईलच.

माझी कामाची पाळी पहाटेची असते. पावणेपाचला सेल्फ मारला की गाडीने चालू व्हायचं, एवढंच आमच्यात ठरलेलं आहे. गाडी घेताना मिस्त्रींनी बॉनेट उघडून, रबरी नळ्या दाबून बघितल्या आणि म्हणाले, "ताई, इंजिनाला काही झालेलं नाही. पण रबर आणि वायरी गाडीच्याच वयाच्या आहेत. तुम्हाला पळवतील त्या याच." मी मान डोलावली. कळलं काही नव्हतं.

नवव्या दिवशी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला.

मिस्त्री त्या वेळी आजारी होते, म्हणून दुसऱ्या एका गॅरेजात गेले. त्यांनी त्यांचं मोठं यंत्र लावलं, कोड आला पी०१७१, म्हणजे इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. "ऑक्सिजन सेन्सर गेला," असं सांगून तो (इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) बदलून दिला आणि दिवा घालवला. जुना सेन्सर मी मागून घेतला, कारण पैसे दिलेली कुठलीही वस्तू मला टाकवत नाही. पाच दिवसांनी दिवा परत लागला. कोड तोच. त्या रात्री मी ही डबी मागवली.

आता डबीबद्दल. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला १६ पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात ती खोचायची. मोबाइलमध्ये एखादं फुकटचं अ‍ॅप घ्यायचं, ब्लूटूथ जोडताना १२३४ किंवा ०००० टाकायचं. आयफोनवाल्यांनी साधी ब्लूटूथची डबी घेऊ नये, ती जुळणार नाही. त्यांना वाय-फायवाली किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाली लागते.

तुमच्या गाडीला हे चालेल का, हे आधी बघा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ही व्यवस्था सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलना २००४ पासून. इतर ठिकाणी आणखी उशिरा. नुसतं सॉकेट दिसलं म्हणून खूश होऊ नका, काही जुन्या गाड्यांत सॉकेट तेच आणि आतली भाषा कंपनीची स्वतःची असते. कार्ब्युरेटरवाल्यांनी तर इथेच थांबावं. तुमच्या गाडीत विचारायला कोणी बसलेलंच नाही.

माझी पहिली डबी निकामी निघाली. म्हणजे डबी जिवंत होती, दिवा लुकलुकायचा, पण अ‍ॅप म्हणे "गाडीशी संपर्क होत नाही". दोन संध्याकाळी घालवल्यावर कारण कळलं. ईएलएम ३२७ ही मूळची कॅनडातल्या एका कंपनीची चिप. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हतं, आणि तिच्या नकला जगभर झाल्या. त्यातल्या काही नकला इतक्या काटछाट केलेल्या असतात की त्यांना फक्त नव्या गाड्यांची कॅन नावाची भाषा येते. माझी गाडी जुनी, ती सातव्या पिनेवरून के-लाइन नावाच्या जुन्या पद्धतीने बोलते. डबी दुसऱ्याच दारावर थापा मारत बसली होती. विक्रेत्याने कुरकुर न करता बदलून दिली म्हणून वाचले. जुन्या गाडीसाठी घेत असाल तर "आयएसओ ९१४१" आणि "केडब्ल्यूपी २०००" हे दोन शब्द (के-लाइनवरच्या भाषांची नावं) वर्णनात आहेत का ते बघा, आणि परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. अर्धा गुण या दोन संध्याकाळींचा.

दुसरी डबी जुळली. कोड वाचला, तोच पी०१७१. इथवर त्या गॅरेजपेक्षा मी एक इंचही पुढे नव्हते. जाहिरातीत म्हणतात ही डबी गाडीचा आजार सांगते. नाही सांगत. कोड ही नुसती तक्रार असते, आणि तक्रार करणाराच आजारी आहे असं धरून लोक त्यालाच बदलून टाकतात. माझ्या बाबतीत चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता.

खरी कामाची गोष्ट अ‍ॅपच्या दुसऱ्या पानावर असते, ती म्हणजे चालू इंजिनाचे आकडे. त्यात "फ्युएल ट्रिम" नावाची जोडी आहे. शॉर्ट टर्म म्हणजे गाडीचा संगणक आत्ता या क्षणी पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, आणि लाँग टर्म म्हणजे तसं करता करता त्याला लागलेली सवय. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर झोपा. माझं लाँग टर्म आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, अधिक २२ होतं. रेस देऊन २,५०० आरपीएमवर धरलं की अधिक ५.

हे मी मिस्त्रींना फोनवर वाचून दाखवलं. ते तोपर्यंत बरे झाले होते. म्हणाले, "कुठेतरी हवा चोरून आत जातेय. घेऊन या."

तर्क असा: माझ्या गाडीत आत जाणारी हवा मोजायला एक सेन्सर आहे. त्याच्या पुढे एखाद्या नळीला चीर असेल तर तिथून शिरलेली हवा मोजलीच जात नाही, आणि संगणक आधी पेट्रोल कमी सोडतो, मग ऑक्सिजन सेन्सरने तक्रार केली की वाढवत बसतो. आयडलिंगला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद, मोजलेली हवा मुळातच थोडी, त्यामुळे चोरट्या हवेचा वाटा मोठा दिसतो. रेस दिली की मोजलेली हवा भरपूर होते आणि चोरी त्यात बुडून जाते. ऑक्सिजन सेन्सर किंवा पेट्रोलचा पंप बिघडला असता तर आकडे असे वागले नसते. (ज्या गाड्या हवा न मोजता मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळातला, दाब मोजतात, त्यांच्यात हे गणित वेगळं होतं. त्यांचं आयडलिंगच वाढतं. आपली गाडी कुठल्या जातीची ते आधी विचारून घ्या.)

मग आमचा कार्यक्रम झाला. मी आत बसून शॉर्ट टर्मचा आकडा मोठ्याने वाचतेय, मिस्त्री बॉनेटखाली एकेक नळी चिमटीत दाबतायत. "शून्य. एक. उणे एक. शून्य." शेजारी त्यांचा पोरगा टॉर्च धरून हसत होता. मॅनिफोल्डच्या मागे, क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीतल्या) वाफा परत ओढून नेणारी एक नळी आहे, तिच्या वळणावर मिस्त्रींनी अंगठा दाबला आणि आकडा झपकन उणे १८ वर गेला. संगणक अजून सवयीने जादा पेट्रोल ओतत होता आणि हवा मात्र एकदम कमी झाली होती. रबराचं ते कोपरं खालच्या, न दिसणाऱ्या बाजूने उभं चिरलेलं होतं. नवं कोपरं आणि दोन क्लॅम्प एवढाच खर्च, आणि तो त्या सेन्सरच्या शेजारी मांडायची लाज वाटावी इतका कमी. आठवड्याभरात लाँग टर्म अधिक ३ वर आलं.

एकट्या या कामात डबीचे पैसे वसूल झाले, पण मला ती खरी आवडली ती थर्मोस्टॅटच्या वेळी, कारण तेव्हा दिवाही नव्हता आणि कोडही नव्हता. सहज म्हणून कूलंटचं तापमान लावून ठेवलं होतं. मोकळ्या रस्त्यावर ते ६८ च्या वर जाईना. डॅशबोर्डवरचा काटा मात्र नेहमीसारखा बरोब्बर मध्यभागी. तेव्हा कळलं की अनेक गाड्यांतला हा काटा मालकाच्या मनःशांतीसाठी बसवलेला असतो. खालच्या-वरच्या बऱ्याच अंशांत तो हलतच नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकला होता. इंजिन कायम अर्धवट गार, आणि गार इंजिनाला संगणक जादा पेट्रोल पाजतो. नव्या थर्मोस्टॅटवर ८२ अंश कोरलेलं होतं. तो बसल्यावर आकडा ८५ ते ९२ मध्ये राहू लागला आणि लिटरला बारा देणारी गाडी तेरा देऊ लागली. मागच्या मालकाने किती वर्षं हे पेट्रोल फुकट घातलं असेल कोण जाणे.

उलटंही एकदा झालं. वाहनांच्या रांगेत उभी होते. ९६, ९९, १०३. रेडिएटरचा पंखा ९७ च्या आसपास सुरू होतो हे आता मला पाठ होतं, आणि आवाज नव्हता. काटा अजूनही मध्यभागीच. एसी बंद केला, हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर सोडला, आकडा थबकला तशी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. मिस्त्री फोनवर म्हणाले, "हॉर्नचा रिले तसाच आहे का बघा." रिले म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. पंख्याच्या आणि हॉर्नच्या रिलेच्या झाकणावरचा आकडा जुळला, हॉर्नचा उपटून पंख्याच्या जागी खोचला. त्या दिवशी हॉर्नशिवाय घरी आले, पण हेड गॅस्केट (इंजिन अति तापलं की जळणारं सील) शाबूत ठेवून आले.

आता कापलेला पूर्ण गुण. या सॉकेटच्या सोळाव्या पिनेला बॅटरीचा थेट पुरवठा असतो. चावी काढली तरी तो बंद होत नाही. मी आळसाने डबी खोचलेलीच ठेवायची. अकरा दिवस गाडी उभी राहिली, आणि पावणेपाचला सेल्फने फक्त टक् केलं. नंतर मल्टिमीटर लावून मोजलं तर डबी एकटी ४५ मिलिअँपिअर खात होती. अकरा दिवसांचे जवळजवळ १२ अँपिअर-तास झाले. गाडीची स्वतःची किरकोळ खादाडी त्यात मिळवा. नवी बॅटरी तग धरते, माझी चार वर्षांची होती. महागड्या स्कॅनरला झोप लागते, याला लागत नाही. काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका, प्रत्येक वेळी. एका बटणाने हा त्रास टळला असता, म्हणून गुण कापताना हात आखडला नाही.

किरकोळ तक्रारी: के-लाइनचा वेग सेकंदाला जेमतेम १०.४ किलोबिट, त्यामुळे पडद्यावर डझनभर गोल काटे मांडलेत तर सगळेच पेंगतात. दोन-तीन आकडेच लावा. बॅटरीचं व्होल्टेज डबी १३.२ दाखवते तेव्हा मल्टिमीटर १४.१ दाखवतो. तिच्यावर विश्वासून ऑल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) काढायला देऊ नका. एबीएस आणि एअरबॅगचे कोड ती वाचत नाही.

आणि जुन्या गाडीत ज्याची खरी भीती बाळगावी त्यातलं बहुतेक काही तिला दिसत नाही. टायमिंग बेल्ट, ब्रेकची नळी, खालचा गंज, बॉल जॉइंट. माझ्या मागच्या चाकाचं बेअरिंग घों घों करत होतं तेव्हा डबी म्हणत होती सर्व काही ठीक. मिस्त्रींनी चाक जॅकवर घेतलं, वर-खाली हात धरून हलवलं, झालं निदान.

गाडी विकत घ्यायला जाताना मात्र ही डबी खिशात असू द्या. मैत्रिणीसाठी एक गाडी बघायला गेलो होतो. दिवा नाही, कोड नाही, मालक गोड. मी अ‍ॅपमध्ये "रेडिनेस मॉनिटर" उघडले. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की गाडीच्या या स्वतःच्या तपासण्या पुन्हा अपूर्ण होतात, आणि पूर्ण व्हायला बरंच, वेगवेगळ्या तऱ्हेने चालवावं लागतं. तिथे चार अपूर्ण. खाली आणखी एक ओळ: कोड पुसल्यापासून झालेलं अंतर ७ किलोमीटर. (जुन्या गाड्या हा आकडा देतीलच असं नाही. माझी देत नाही.) मी फोन मालकांपुढे धरला. ते म्हणाले, "बॅटरी बदलली होती." बॅटरीवर बोटभर धूळ होती. आम्ही चहा नको म्हणून निघालो. माझ्या गाडीचा दिवा नवव्या दिवशी का लागला, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

राहिला तो ऑक्सिजन सेन्सर. गेल्या वर्षी दिवा पुन्हा लागला. पी०१३५, सेन्सरच्या आतला हीटर. या वेळी आधी फ्यूज बघितला, तो ठीक. सेन्सरचा प्लग काढून हीटरच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावला, काहीच नाही, तार आतून तुटलेली. गॅरेजने घातलेला नवा सेन्सर मेला होता. मग कपाटातून जुना काढला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मोजला, सहा ओहम. मिस्त्रींनी आट्यांना ग्रीस लावून तो परत बसवला. आठ हजार किलोमीटर झाले त्यावर.