१०४ किलोचा दादा आणि ५३ किलोचा मी : सेल्फ डिफेन्स कोर्सचा रिव्ह्यू

आधी माझा साइझ सांगून टाकतो म्हणजे पुढचं नीट कळेल. उंची पाच फूट तीन इंच, वजन ५३ किलो, तेही भरल्या पोटी. शाळेपासून "वारा आला तर उडून जाशील" ऐकत मोठा झालोय त्यामुळे आता त्याचं काही वाटत नाही, पण मध्यंतरी रात्री घरी येताना एका आडव्यातिडव्या माणसाने विनाकारण कॉलर धरली, काही झालं नाही, दुसऱ्याच कोणावर तरी चिडलेला होता आणि चूक कळल्यावर सोडून दिलं, पण त्या पाच-सहा सेकंदात माझे पाय जमिनीवर नीट टेकत नव्हते हे मात्र डोक्यातून गेलं नाही.

मग आपण सगळे करतो तेच केलं, समोर दिसलेलं पहिलं वर्कशॉप गाठलं. दोन दिवसांचं, शेवटी सर्टिफिकेट. मनगट धरलं की असं फिरवा, गळा धरला की असा हात आणा, आणि पार्टनर माझ्याच मापाचा एक मुलगा, अगदी गुणी, मी हात लावायच्या आधीच पडायचा. मी खूश. घरी येऊन भावाला म्हणलं धर मनगट. त्याने धरलं आणि काही केल्या सुटेना, मी म्हणतोय "अरे असं नाही रे धरायचं, अंगठा वर ठेव", तर तो म्हणाला "गुंडाला पण सांगणार का कसं धरायचं ते?" सर्टिफिकेट अजून फाईलमध्ये आहे.

म्हणून हा दुसरा कोर्स, ज्याचा हा रिव्ह्यू. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, दीड तास. हत्यार वगैरे काही नाही, रिकाम्या हाताने, आणि जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं की समोरचा तुमच्यापेक्षा मोठा आणि ताकदवान आहे असं धरूनच शिकवणार. हॉलमध्ये भिंतीवर मोठ्ठा बॅनर, "शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ". बॅनर बघून मला परत वर्कशॉपची आठवण आली आणि पोटात गोळा आला, खरं सांगतो.

पहिले तीन क्लास तर नुसतं पडायला शिकवलं. ज्युडोत याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि जमिनीला टेकताना हात सपाट आपटायचा म्हणजे दणका सगळ्या अंगात पसरतो, एका जागी बसत नाही. लय बोअर. दोन जण तिथूनच गळाले. पण सरांचं म्हणणं असं की भारी माणसाने नुसता धक्का दिला तरी हलका माणूस पडणारच, आणि पडताना डोकं मागे फरशीवर आपटलं तर पुढचे सगळे डाव कोण करणार. हे आधीच्या वर्कशॉपमध्ये कोणी बोललंच नव्हतं, कारण तिथे पडायचं काम पार्टनरचं होतं.

आणि चौथ्या क्लासला दादा आला.

दादा म्हणजे या कोर्सचा खरा माल. सहा फूट एक इंच, १०४ किलो, स्वतः बरीच वर्षं ज्युडो केलेला, आणि त्याचं काम एकच, आमच्या अंगावर येणं. सर त्याला टक्के सांगायचे. "तीस टक्के". मग "पन्नास". मग "आता खरं". तीस टक्क्याला सगळे डाव सगळ्यांना जमतात, आम्ही सगळे एकदम पैलवान. पन्नासला निम्मे डाव जातात. "आता खरं" म्हणल्यावर जे उरतं तेवढंच आपलं, बाकीचं विसरा. माझ्या मते अख्ख्या कोर्सची फी या एका गोष्टीसाठी आहे.

मनगटाचंच घ्या. पकडीत सगळ्यात कच्ची बाजू अंगठ्याची, चार बोटं एकीकडे आणि अंगठा एकटा, म्हणून तिकडूनच हात काढायचा, हे वर्कशॉपमध्येही सांगितलं होतं आणि ते चूक नाहीये. राहिलं होतं ते हे, की नुसत्या हाताच्या जोरावर काढू नका, दुसऱ्या हाताने आपलीच मूठ धरा, कोपर त्याच्याकडे न्या आणि कंबरेपासून सगळं अंग फिरवा. म्हणजे त्याच्या एका अंगठ्याविरुद्ध तुमचं पूर्ण शरीर. पन्नास टक्क्याला मस्त सुटला. खऱ्याला नाही सुटला. परत केलं, नाही सुटला. मग सर म्हणाले आधी नडगीवर लाथ घाल, मग काढ. नडगीवर बसल्यावर (गार्ड घातलेले असतात त्याने, काळजी नको) अर्धा सेकंद पकड ढिली होते आणि त्याच अर्ध्या सेकंदात हात बाहेर येतो. आधी त्याचं लक्ष दुसरीकडे, मग सुटका, हा क्रम. एवढी साधी गोष्ट पण ती समजायला मला १०४ किलो लागले.

मारायचं पण वेगळं शिकवलं. मूठ नाही, तळहाताचा खालचा जाड भाग. ज्याला सवय नाही त्याने मूठ वळून कवटीवर हाणली तर करंगळीच्या मागचं हाड मोडायचा चान्स चांगलाच असतो, त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर असं नावच आहे, आणि मोडल्या हाताने दार पण उघडता येत नाही. बाकी जागा त्याच, डोळे, घसा, जांघ, गुडघा, म्हणजे जिथे कितीही व्यायाम केला तरी स्नायूंचं चिलखत चढत नाही. जांघेत लाथ म्हणजे बटण दाबल्यासारखा माणूस खाली पडतो हा गैरसमज मात्र सरांनी पहिल्याच दिवशी काढला. अंगात अॅड्रेनलिन चढलेलं असलं की दुखणं उशिरा कळतं, आणि हलत्या माणसाला लाथ नेमकी बसेलच असं नाही. बसली तर बोनस, थांबायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाठीवर पडलोय आणि मोठा माणूस छातीवर बसलाय. माझं पहिलं रिअॅक्शन काय, तर दोन्ही हात त्याच्या छातीला लावून ढकलायचं, जिममध्ये बेंच प्रेस करतात तसं. जी माणसं ४० किलो उचलताना थरथरतात त्यांनी १०४ ढकलायला जाऊ नये. वर सरळ झालेला हात तो धरून मोडू शकतो, दादाने हळूच तसं करून दाखवलं.

बरोबर डाव असा की त्याला उचलायचंच नाही. टेबल उचलता येत नसेल तर त्याचे एका बाजूचे पाय काढा, बाकीचं टेबल आपोआप करतं. त्याचा एक हात मिठीत घट्ट धरायचा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडकवायचा, टाचा ढुंगणाजवळ ओढायच्या आणि कंबर जोरात उडवायची, सरळ वर नाही तर त्या अडकवलेल्या बाजूच्या खांद्यावरून तिरकी. त्याला टेकायला त्या बाजूला ना हात ना पाय, तो लवंडतो. जिउजित्सूवाले (जमिनीवरच्या पकडी आणि सुटकांचा खेळ) याला उपा म्हणतात. मला पहिल्या दोन आठवड्यात एकदाही जमलं नाही, कंबर सरळ वर उडायची आणि दादा वरून गाडीत बसल्यासारखा हलायचा. सहाव्या आठवड्यात त्याने गळ्यावर दोन्ही हात टाकले, मी एक धरला, पाय अडकवला, आणि कसं काय कुणास ठाऊक तो अख्खा माणूस माझ्यावरून पलीकडे गेला. मी इतका चकित झालो की तिथेच बसून राहिलो. सर ओरडले, "फोटो काढायचाय का? ऊठ, पळ!" कारण डाव तिथे संपत नाही, उठून पळालात तर संपतो.

पुढच्याच क्लासला दादा म्हणाला आता मी हुशार माणसासारखा बसतो. गुडघे पसरले, छाती माझ्या तोंडावर टेकवली, माझं डोकं मिठीत घेतलं आणि नुसता पडून राहिला. मारत नाही, काही नाही. फक्त वजन. एक मिनिट पण झालं नसेल, मला श्वास घेता येईना आणि मी मॅटवर थापटी मारली. त्याने लगेच सोडलं. माझ्याजवळ तोपर्यंतचे सगळे डाव होते आणि त्यातला एकही उपयोगी आला नाही.

त्या दिवशी क्लासनंतर मी सरांना बॅनर दाखवून विचारलं की सर, युक्ती एवढी श्रेष्ठ असेल तर बॉक्सिंग, कुस्ती, ज्युडो सगळीकडे वजनगट कशाला आहेत? मला वाटलं चिडतील. त्यांनी लॅपटॉप काढला आणि रॉयस ग्रेसी या जिउजित्सूवाल्याच्या लढतींचे व्हिडिओ लावले. १९९३ ची पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारचे लढवय्ये एकमेकांशी भिडतात ती स्पर्धा, तेव्हा वजनगट नव्हतेच, आणि ८० किलोच्या आसपासचा हा माणूस सगळ्यांना जमिनीवर नेऊन जिंकला. १९९४ च्या डिसेंबरात डॅन सेव्हर्नविरुद्ध, तो ११८ किलोच्या घरातला, आणि ग्रेसी पंधरा मिनिटांच्या वर बहुतेक वेळ त्याच्या खाली, शेवटी पायांच्या त्रिकोणात मान पकडून जिंकला. मी म्हणलं बघा, म्हणजे बॅनर बरोबर. तर सर म्हणाले, दोन गोष्टी बघ. एक, ग्रेसी लहानपणापासून तेच करत होता आणि समोरच्यांना तो खेळ तेव्हा माहीतच नव्हता. दोन, हळूहळू सगळ्यांना माहीत झाला आणि १९९७ मध्ये तिथेही वजनगट आले. मग ज्युडोचं सांगितलं, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ज्युडो पहिल्यांदा आला, आणि खुल्या गटात (वजनाची अट नसलेल्या) जपानच्या कामिनागाला हरवून सोनं नेलं ते नेदरलँड्सच्या अँटन गीसिंकने, साडेसहा फुटी माणूस, आणि टेक्निकही तसंच पक्कं. युक्ती दोघांकडे असली की मोठा जड जातो. मी म्हणलं मग बॅनर काढा की. ते हसले, बॅनर अजून तिथेच आहे.

मला हे उत्तर आवडलं. त्यानंतर शिकण्याची पद्धतच बदलली माझी. डाव जिंकण्यासाठी नाही, दोन सेकंद मिळवण्यासाठी. शेवटच्या तीन आठवड्यात एकच ड्रिल जास्त केलं, दादा येतोय, अंतर ठेव, हात वर उघडे, जोरात "मागे हो" ओरड, दाराच्या बाजूला सरक, पकडलंच तर सोडव आणि दाराबाहेर जा. दाराबाहेर गेलात की जिंकलात. ओरडणं सगळ्यात अवघड गेलं, खोटं वाटेल पण पहिल्या वेळी माझ्या तोंडातून आवाजच आला नाही, एक बारीकसं "अहो" निघालं. दादाला हसू आवरेना. एक दिवस रोजचे कपडे, बूट, खांद्याला बॅग असं करून घेतलं, तो क्लास सगळ्यात भारी, कारण बॅगचा पट्टा कुठे अडकतो ते तेव्हाच कळतं.

आता तक्रारी. मॅटचे जोड उघडे आहेत, त्यात माझा अंगठा अडकून नख गेलं, सांगितलं तर "टेप लावू" आणि टेप काही शेवटपर्यंत लागली नाही. बॅच चौदा जणांची आणि दादा एकच, त्यामुळे दीड तासात खरा दादा वाट्याला येतो जेमतेम सहा मिनिटं, बाकी वेळ आपापसात, आणि आपापसात परत तेच गुणी पार्टनर. एक क्लास चाकूवर घेतला तो सरळ काढून टाकावा, सर स्वतः म्हणतात चाकू दिसला की पळा, मग दीड तास रबरी चाकू हिसकावायला का लावलं ते कळलं नाही.

आणि एक मोठी उणीव. बॅचमधल्या एका मुलीने विचारलं की अंगावर येणारा ओळखीचा असला, घरात असला तर? सरांकडे नीट उत्तर नव्हतं. हे विचारण्यासारखं होतं कारण कॅनडात तीन विद्यापीठांत विद्यार्थिनींसाठी १२ तासांचा कोर्स तपासला होता, २०१५ मध्ये छापून आलं, त्यात मारामारी हा एकच भाग, बाकी धोका लवकर ओळखणं, ओळखीच्या माणसाला नाही म्हणताना होणारा संकोच बाजूला ठेवणं वगैरे. वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण कोर्स केलेल्यांत ५.२ टक्के आणि नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत ९.८. इथे त्या भागाला अर्धा तास पण नव्हता. दहा आठवड्यांत दोन क्लास त्याला द्यायला काय हरकत आहे, चाकूचा तर मोकळाच आहे.

सेफ्टीला मात्र पूर्ण मार्क. मागून गळा आवळण्याचा डाव दाखवला तो ओळखता आणि सोडवता यावा म्हणून. मानेच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या की माणूस काही सेकंदात बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून थापटी म्हणजे त्याच क्षणी सोडायचं. एकाने मस्करीत जरा जास्त धरलं, सरांनी त्याला दिवसभरासाठी बाहेर बसवलं, त्याने माफी मागितली तरी.

पाचपैकी चार स्टार. माझ्यासारखे हलके असाल तर जाच, आणि गुडघा किंवा पाठ आधीच दुखत असेल तर पहिल्या दिवशी सांगा, पडण्याचा भाग हळू करून घेतात. फी भरण्याआधी एकच विचारा, दादा कोणत्या दिवशी असतो. मंगळवारी तो येत नाही, मंगळवारची बॅच घेऊ नका.